कलम धरतं तेव्हा

मज्जारोपणाच्या वॉर्डात दिवस कॅलेंडरवरून मोजत नाहीत. दात्याच्या मूळपेशींची पिशवी रुग्णाच्या सेंट्रल लाइनला जोडतात तो दिवस शून्य. त्याच्या आधीचे दिवस उणे, नंतरचे प्लस. उणे दिवसांत मोठ्या डोसाची केमोथेरपी आणि कधी सर्वांगाला किरणोत्सार देऊन जुनी अस्थिमज्जा रिकामी करतात. प्लस दिवसांत वाट बघतात. कोणत्या खोलीतलं पेशंट 'प्लस किती' आहे, हे वॉर्डातल्या मावशींनाही तोंडपाठ असतं.

अशाच एका प्लस बाराच्या सकाळी एका मुलाचे वडील आमच्या लॅबच्या दारात येऊन उभे राहिले. हातात दोनशेपानी वही. तिच्यात रोजची तारीख आणि तीन आकडे: टीएलसी म्हणजे एकूण पांढऱ्या पेशी, हिमोग्लोबिन, प्लेटलेट. टीएलसीच्या रकान्यात १००, १००, १००, २००, ३०० असं चाललं होतं. निरोगी माणसात हा आकडा ४,००० ते ११,००० असतो. त्या दिवशी तो ८०० वर गेला होता. इतक्या दिवसांनी वर चढलेला आकडा, तरी त्यांचा चेहरा उतरलेला. मोबाइलवरचा रिपोर्ट त्यांनी माझ्यापुढे धरला.

"मॅडम, आकडा वाढलाय ते दिसतंय. पण खाली हे 'इम्मॅच्युअर सेल्स' लिहिलंय. आठ महिन्यांपूर्वी पहिल्या रिपोर्टवर हाच शब्द होता. तिथूनच सगळं सुरू झालं."

त्यांची भीती रास्त होती. ल्युकेमियाचं निदान बहुतेक घरांत ह्याच शब्दाने शिरतं. अपरिपक्व पांढऱ्या पेशी रक्तात दिसल्या, की मागोमाग मज्जेची तपासणी आणि केमोथेरपी येते. मग ज्या शब्दाने मुलाला इथवर आणलं, तोच शब्द रोपणानंतर बाराव्या दिवशी पुन्हा दिसल्यावर बापाचा जीव खालीवर होणारच. मी त्यांना बसवलं आणि तीच काचपट्टी पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली घेतली. तेव्हा जे घाईघाईत सांगितलं, ते इथे जरा सावकाश सांगते.

जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींत संख्येने सगळ्यात मोठी फौज न्यूट्रोफिलांची. निरोगी माणसाची मज्जा रोज सुमारे दहा हजार कोटी न्यूट्रोफिल तयार करते. एवढं उत्पादन लागतं, कारण रक्तात आलेला न्यूट्रोफिल तिथे काही तासच फिरतो, मग ऊतींत शिरतो आणि तिकडेच संपतो. तयार व्हायला मात्र त्याला दहा ते चौदा दिवस लागतात. सुरुवातीची पेशी म्हणजे मायलोब्लास्ट: मोठी, गोल, जवळजवळ सगळी जागा केंद्रकाने व्यापलेली. तिच्यापासून प्रोमायलोसाइट होतो, त्यात जांभळट दाण्यांची पहिली खेप भरते. मग मायलोसाइट. इथवर पेशी विभागते, एकीच्या दोन, दोनाच्या चार होतात. इथून पुढे विभाजन थांबतं आणि नुसती घडण चालते. मेटामायलोसाइटचं केंद्रक एका बाजूने दबून राजम्याच्या दाण्यासारखं होतं. बँड पेशीत ते आणखी बारीक होऊन विळ्यासारखं वळतं. शेवटी त्या विळ्याला जागोजाग चिमटे बसतात आणि बारीक धाग्यांनी जोडलेल्या तीन-चार पाकळ्या तयार होतात. हा पूर्ण वाढलेला, 'सेगमेंटेड' न्यूट्रोफिल. पाकळ्यांच्या केंद्रकामुळे तो लवचीक होतो आणि रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या चिंचोळ्या फटीतून अंग चोरून पलीकडे जाऊ शकतो. मायलोब्लास्टाचं अगडबंब गोल केंद्रक असल्या फटीतून जाणं कठीण.

ह्या सगळ्या पायऱ्या मज्जेच्या आत चढायच्या, रक्तात फक्त शेवटच्या पायरीवरच्यांनी यायचं, बँड अगदी थोडे आले तर चालतील, असा शरीराचा शिरस्ता. जर्मनीतल्या योझेफ आर्नेट ह्या डॉक्टरांनी १९०४ च्या सुमारास न्यूट्रोफिलांची केंद्रकाच्या पाकळ्यांनुसार वर्गवारी केली. तक्त्यात कमी पाकळ्यांच्या तरुण पेशी डावीकडे आणि जास्त पाकळ्यांच्या जुन्या पेशी उजवीकडे मांडल्या. त्यावरून रक्तात तरुण पेशी वाढल्या की 'शिफ्ट टू लेफ्ट' म्हणायचा प्रघात पडला. कागदावरचा तो तक्ता आता कुणी भरत नाही, पण 'लेफ्ट शिफ्ट' हा शब्द आजही रोज लिहावा लागतो.

त्या मुलाची काच मला नीट आठवते. आमच्याकडे रक्ताचा थेंब काचपट्टीवर ओढून पातळ पसरतात, वाळवतात आणि लेशमन स्टेनने रंगवतात. विल्यम लेशमन हा ब्रिटिश सैन्यातला डॉक्टर. हिंदुस्थानात काही वर्षं नोकरी करून तो परत गेला आणि १९०१ मध्ये त्याने हा रंग सिद्ध केला. काळाआजाराच्या परजीवीला त्याचंच नाव आहे. भारतातल्या बहुतेक लॅबमध्ये अजून हाच रंग वापरतात: केंद्रकं गर्द जांभळी, लाल पेशी फिक्या गुलाबी. टीएलसी १०० असतानाची काच बघणं हे मोठं एकाकी काम असतं. एरवी एकेका नजरेच्या टप्प्यात दोन-चार पांढऱ्या पेशी सहज सापडतात. इथे मात्र काचेचा कडेचा भाग शेवटपर्यंत चाळला तरी मोजून आठ-दहा लिम्फोसाइट हाती लागतात. गुलाबी, रिकामं, सपाट रान. शंभर पेशी मोजून टक्केवारी काढायची असते, पण शंभर सापडतच नाहीत. असे दिवस जात असताना प्लस नऊला त्या रानात मला पहिला मोनोसाइट दिसला, राखाडी-निळसर आणि बेढब. मग आणखी एक. न्यूट्रोफिलांच्या आधी बऱ्याचदा मोनोसाइट येतात. ते दिसले की मी वॉर्डात फोन करते. रिपोर्टमध्ये हे लिहायला वेगळा रकाना नाही, पण सिस्टरांना ते ऐकायचं असतं.

प्लस बाराच्या काचेवर सगळी मांदियाळीच होती. सेगमेंटेड ३४ टक्के, बँड १६, मेटामायलोसाइट ६, मायलोसाइट ५, प्रोमायलोसाइट २, मोनोसाइट २४, लिम्फोसाइट १३. वडिलांना मी एकेक पेशी दाखवत गेले. तो राजमा, तो विळा, ती पाकळ्यांची. अक्यूट ल्युकेमियात पेशी एका पायरीवर अडतात. पहिल्याच पायरीवर ब्लास्टांची गर्दी होते, पुढच्या पायऱ्या ओस पडतात, आणि ती गर्दी मज्जेतली सगळी जागा खाते. इथे मात्र प्रत्येक पायरीवर कुणी ना कुणी उभं होतं, आणि वरच्या पायऱ्यांवर जास्त होते. म्हणजे पेशी चढत होत्या. शब्द तोच, 'इम्मॅच्युअर'. पण एकटीदुकटी अपरिपक्व पेशी काही सांगत नाही, तिच्या पुढे-मागे कोण उभं आहे ते बघावं लागतं.

मज्जारोपण यशस्वी झाल्याला इंग्रजीत जो शब्द आहे, त्याचा अर्थ कलम धरणं असाच होतो. आपल्याकडे कोकणात कुणालाही विचारा: आंब्याचं कलम धरलं की नाही हे नव्या पालवीवरून कळतं. ती पालवी तांबूस, लुसलुशीत, जून पानासारखी मुळीच नसते, आणि ती बघून कुणी झाड आजारी पडलं असं म्हणत नाही.

मग ह्या कोवळ्या पेशी बाहेर का येतात? निरोगी मज्जेत तयार न्यूट्रोफिलांचा मोठा साठा असतो, रक्तात फिरणाऱ्यांच्या कितीतरी पट. जंतुसंसर्ग झाला की आधी हा साठा उतरतो. रोपणानंतर साठा नावाची गोष्टच नसते, जे आज बनतं ते आजच बाहेर पडतं. पेशींना मज्जेत धरून ठेवणारी एक रासायनिक दोरी आहे: मज्जेतल्या आधारपेशी सीएक्ससीएल१२ नावाचं प्रथिन सोडतात, कोवळ्या पेशींवर त्याला पकडणारा सीएक्ससीआर४ हा हात असतो. पेशी वाढली की तो हात सैल होतो. शिरेतून दिलेल्या दात्याच्या मूळपेशी रक्तप्रवाहातून वाट काढत मज्जेत येऊन बसतात, त्याही बऱ्याच अंशी ह्याच दोरीला धरून. पिशवी शिरेत रिकामी होते आणि पेशी काही तासांत कंबरेच्या, छातीच्या, मणक्यांच्या हाडांत पोचतात. हे मी शिकले त्याला खूप वर्षं झाली, अजून त्याचं नवल सरलेलं नाही.

रोपणानंतर बऱ्याच रुग्णांना जी-सीएसएफचं इंजेक्शन देतात. मज्जेला न्यूट्रोफिल बनवायला लावणारा हा शरीरातलाच संदेश. ऑस्ट्रेलियात मेलबर्नला डोनाल्ड मेटकाफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा वाढ-संदेशांवर आयुष्य घातलं, आणि १९९१ मध्ये फिल्ग्रास्टिम ह्या नावाने तो औषध म्हणून अमेरिकेत मंजूर झाला. ह्या इंजेक्शनाने पेशींचा मज्जेतला शेवटचा मुक्काम चार-पाच दिवसांवरून एखाद-दोन दिवसांवर येतो आणि धरून ठेवणारी दोरीही ढिली पडते. साहजिकच कोवळ्या पेशी रक्तात दिसतात, त्यांच्यातले दाणे नेहमीपेक्षा गडद आणि ठसठशीत असतात, क्वचित एखादा ब्लास्टही निसटून येतो. रुग्णाला मात्र ह्यातलं काही दिसत नाही. त्याला कंबर ठणकते, छातीचं हाड दुखतं. पेशंट तक्रार करतं आणि सिस्टर हसून म्हणतात, "काउंट येतायत बाळा."

कोवळ्या पेशी दिसल्या म्हणून धोका टळला, असंही नाही. डॉक्टरांचं लक्ष असतं एएनसीवर, म्हणजे प्रत्यक्ष लढू शकणाऱ्या न्यूट्रोफिलांच्या संख्येवर. हिशेब सोपा आहे: एकूण पांढऱ्या पेशी गुणिले सेगमेंटेड आणि बँड ह्यांची मिळून टक्केवारी. त्या मुलाचे ८०० चे ५० टक्के, म्हणजे ४००. मायलोसाइट-मेटामायलोसाइट ह्यात धरत नाहीत, कारण जंतू गिळण्याची त्यांची पुरती तयारी झालेली नसते. बँड धरतात, कारण तो जवळजवळ मोठ्या भावाइतकाच कामाचा असतो. बऱ्याच यंत्रांच्या न्यूट्रोफिलच्या आकड्यात मात्र कोवळ्या पेशीही मिसळलेल्या असतात, म्हणून ह्या दिवसांत यंत्राचा आकडा आणि काच बघून काढलेला आकडा जुळेलच असं नाही. नातेवाइकांनी दोन रिपोर्टांतल्या फरकाने गांगरून जाऊ नये, कोणता आकडा धरायचा ते डॉक्टरांना विचारावं. एएनसी सलग तीन दिवस ५०० किंवा त्याहून जास्त राहिला, की त्यातला पहिला दिवस हा कलम धरल्याचा दिवस म्हणून कागदावर चढतो. स्वतःच्याच साठवलेल्या मूळपेशी परत दिल्या असतील तर हा दिवस साधारण दहा ते चौदा दिवसांत येतो. दात्याच्या रक्तातून घेतलेल्या पेशींना आणखी काही दिवस, हाडातून काढलेल्या मज्जेला तीन आठवड्यांच्या आसपास, आणि नाळेतल्या रक्ताला त्याहूनही जास्त. प्लेटलेट सहसा मागून येतात.

आज हे सगळं वेळापत्रकासारखं सांगता येतं. १९५७ मध्ये अमेरिकेत डोनाल थॉमस ह्यांनी सहा रुग्णांना दात्याची मज्जा शिरेतून दिली, त्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यातला एकही रुग्ण शंभर दिवसांपलीकडे जगलेला नव्हता. कलम धरल्याच्या खुणा दोघांतच दिसल्या, त्याही तात्पुरत्या. त्यानंतर अनेकांनी हा नाद सोडला. थॉमस आणि त्यांच्या पत्नी डॉटी ह्यांनी सोडला नाही. पुढे सिएटलमध्ये त्यांनी ही उपचारपद्धती उभी केली आणि १९९० मध्ये थॉमस ह्यांना नोबेल मिळालं. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८३ मध्ये डॉ. सुरेश अडवाणी ह्यांनी भारतातलं पहिलं मज्जारोपण केलं. लहानपणी पोलिओने पाय गेलेले हे डॉक्टर व्हीलचेअरवरून वॉर्डाच्या फेऱ्या घेत. त्या काळी जी-सीएसएफचं औषध नव्हतं. काउंट आपापल्या चालीने यायचे, आणि तोवरचा प्रत्येक ताप जिवावरचा असायचा.

त्या वडिलांनी मला शेवटी विचारलं ते असं: "पण मॅडम, खरंच तोच आजार परत आला असता, तर तो तुम्हाला ओळखू आला असता का?"

प्रश्न योग्य होता आणि उत्तर सोपं नव्हतं. नुसत्या नजरेने कधीकधी फसायला होतं. प्रोमायलोसाइटांचंच घ्या. जी-सीएसएफच्या जोरावर त्यांची अचानक भरती आली की मज्जा एका विशिष्ट ल्युकेमियासारखी दिसते. अशा वेळी मी केंद्रकाशेजारी एक फिकट, धुतल्यासारखा डाग शोधते. निरोगी प्रोमायलोसाइटात तो ठळक दिसतो. आणि काड्या शोधते. ल्युकेमियाच्या काही प्रकारांत पेशीच्या पोटात तांबड्या, सुईसारख्या काड्या असतात, त्यांना आउअर रॉड म्हणतात. निरोगी कोवळ्या पेशीत ही काडी नसते. एक जरी नक्की दिसली तरी विषय गंभीर.

लिम्फोसाइटांच्या कोवळ्या पेशींचा पेच आणखी अवघड. रोपणानंतर, विशेषतः मुलांच्या मज्जेत, हिमॅटोगोन नावाच्या लहान गोल पेशी भरपूर येतात. ही बी-लिम्फोसाइटांची निरोगी पिलावळ. पण सूक्ष्मदर्शकाखाली ती लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाच्या पेशींसारखी दिसते, इतकी की अनुभवी डोळाही चरकतो. तिथे फ्लो सायटोमेट्री लागते. पेशींवरच्या प्रथिनांना चमकणारी लेबलं लावून हजारो पेशी एकेक करून लेझरसमोरून सोडतात. हिमॅटोगोनांचा आलेख वळणदार येतो: कोवळ्यापासून वाढलेल्यापर्यंत सलग, प्रत्येक टप्प्यावर थोडे. ल्युकेमियाच्या पेशींचा एका ठिकाणी गठ्ठा होतो. पुन्हा तेच, अडकलेल्या आणि चढणाऱ्या पेशींमधला फरक. ह्याशिवाय वेळही बघतात. काउंट चढत असताना दिसलेला एखादा ब्लास्ट आणि सगळं स्थिरावल्यावर दोन महिन्यांनी, इंजेक्शनं बंद असताना दिसलेले ब्लास्ट, ह्यांचं वजन सारखं नाही. दुसऱ्या प्रसंगी एक दिवसही थांबायचं नसतं. आणि सगळ्यात वर कायमेरिझमची चाचणी: रक्तातल्या पेशींचा डीएनए किती टक्के दात्याचा, किती टक्के रुग्णाचा. साधारण महिन्याने पहिल्यांदा करतात आणि पुढे पुन्हा पुन्हा.

एवढं होऊनही न्यूट्रोफिल म्हणजे फक्त पहिली फळी. लिम्फोसाइटांची संख्या हळूहळू भरून येते, पण त्यांना जंतूंची ओळख नसते. जुन्या मज्जेबरोबर जुनी ओळखही गेलेली असते. नवे टी-लिम्फोसाइट घडतात छातीतल्या थायमस ग्रंथीत, आणि ती ग्रंथी वयाबरोबर आकसत जाते, त्यामुळे मोठ्या माणसांना ह्याला वर्ष-दोन वर्षं लागू शकतात. म्हणून रोपणानंतर काही महिन्यांनी लसीकरण पहिल्यापासून करावं लागतं. पन्नाशीच्या माणसालाही घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, पोलिओ असं सगळं तान्ह्या बाळासारखं पुन्हा घ्यावं लागतं. गोवरासारख्या जिवंत विषाणूंच्या लसी सर्वांत शेवटी, सहसा दोन वर्षांनी, आणि तेही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सुटलेली असतील तरच. काउंट नॉर्मल आले म्हणून लग्नाच्या गर्दीत घेऊन गेलेले पेशंट मी पाहिले आहेत. घरच्यांचा आनंद मला कळतो. पण रिपोर्टवर 'इम्मॅच्युअर' हा शब्द दिसत नाही त्या दिवसांतही आतली बरीचशी फौज नवशिकी असते, आणि ते रोजच्या रक्ततपासणीच्या कुठल्याच रकान्यात छापून येत नाही.

त्या मुलाचा एएनसी प्लस तेराला ६२० झाला, मग ९००, मग १,४००. कोवळ्या पेशी आधी वाढल्या, मग हळूहळू ओसरल्या. प्लस एकवीसच्या काचेवर जवळजवळ सगळे न्यूट्रोफिल पूर्ण पाकळ्यांचे होते. त्याला मज्जा दिली होती त्याच्या थोरल्या बहिणीने. डेव्हिडसन आणि स्मिथ ह्यांनी १९५४ मध्ये एक गोष्ट दाखवून दिली होती: स्त्रियांच्या काही न्यूट्रोफिलांत केंद्रकाच्या पाकळीला एक बारीक दांडी आणि तिच्या टोकाला गोल गाठ असते, ढोलाच्या टिपरूसारखी. ती म्हणजे दोनपैकी गुंडाळून ठेवलेलं एक एक्स गुणसूत्र. शंभरातल्या दोन-तीन पेशींतच ते दिसतं, आणि पाकळ्या पुऱ्या झाल्याशिवाय नीट दिसत नाही. पुरावा म्हणून ते कुणी धरत नाही, त्यासाठी कायमेरिझमची चाचणी आहे, तिचा रिपोर्ट यायला अजून आठवडा होता. मी तरीही शोधत बसले. सत्तेचाळिसाव्या पेशीत सापडलं. वहीवाले वडील खाली आले तेव्हा मी त्यांना डोळा लावायला सांगितलं. त्यांना सूक्ष्मदर्शकातून बघायची आता सवय झाली होती. पाकळ्या त्यांनी स्वतःच मोजल्या. मग विचारलं, "हे बाजूला लोंबतंय ते काय?"

"ती ताईची खूण," मी म्हटलं. त्यांनी बराच वेळ डोळा काढला नाही.